मिस क्लॅरिबेलच्या खिडकीचा लाल कागद

केनिल, तो लाल कागद असा चुरगळून लावू नकोस रे. आधी सरळ काप, मग बॅटरीच्या काचेवर ताणून बसव आणि कडेनं रबर चढव. पांढऱ्या उजेडाची एक रेघ जरी बाहेर आली ना, तरी वाळूवर आलेली कासवी अंडी न घालता वळते आणि पाण्यात जाते. मग मागे उभे असलेले दहा पाहुणे तुझ्या नावानं शंख करतात. दायाना, तुझं बरं जमलंय, याला दाखव जरा. एवढी वर्षं शाळेत काढली, पण पठ्ठ्याला कात्री धरता येत नाही.

बसा निवांत. वाळूवर टेहळणीला गेलेले लोक नऊ वाजेपर्यंत काही कळवत नाहीत. ढोल ऐकू येताहेत ना? कंदिलांची मिरवणूक शाळेपाशी पोचली वाटतं. उद्या स्वातंत्र्यदिन, गावातलं झाडून सगळं माणूस तिकडे, आणि आपण तिघं या धक्क्यावर डास मारत बसलोय. चौदा सप्टेंबरला मला ही पाळी दिली की मी कधी नाही म्हणत नाही. मला ते ढोल जवळून ऐकवत नाहीत.

काल विचारलंस ना दायाना, की मिस्टर नोएल, गळ्यात लाल बॅटरी आहे, मग खिशात ती दुसरी पांढरी कशाला? आपल्या कासवांच्या पार्कच्या नियमात बसत नाही म्हणालीस. बरोबर आहे, नाहीच बसत. साहेबाला सांगायचं तर खुशाल सांग, पण आधी ऐकून घे.

एलादियो आठवतो का तुम्हाला? उंच, किडकिडा, पार्कचा गार्ड. खाडीच्या तोंडावरच्या चौकीत एकटा राहायचा. डोमिनो खेळताना तो माझा जोडीदार. हरला की सोंगट्या उधळायचा, जिंकला की आठवडाभर बढाया मारायचा, म्हणजे कसाही तापच. पण खोटं बोलणारा माणूस नव्हता. निदान मला तसं वाटायचं.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची, याच तारखेची. दुपारी तीनला त्याला ऑफिसातून निरोप आला. मिस क्लॅरिबेलच्या खिडकीवरचा लाल कागद उन्हानं फिका पडलाय, आतला कंदील पांढरा दिसतो, कासवांची पिल्लं पाण्याकडे जायची सोडून तिच्या अंगणात शिरताहेत. नवा कागद लावून ये. दहा मिनिटांचं काम. दरवर्षी दुसरा गार्ड हे काम करायचा, पण त्या दिवशी त्याची लेक मिरवणुकीत होती, तो सुट्टीवर. मग उरला कोण? एलादियो. तो 'उद्या जातो' म्हणाला. साहेब म्हणाला, आजच.

मिस क्लॅरिबेलचं घर तुम्ही होडीतून पाहिलं असेल. खाडीच्या तोंडाशी, खांबांवर उभं, एकटंच. अलीकडे गाव चाळीस मिनिटांवर आणि पलीकडे नुसतं जंगल. म्हातारी वेडी आहे, म्हणून रोज रात्री खिडकीत कंदील लावते, असं तुमच्या वयाची पोरं म्हणायची. मी ऐकलंय. केनिल, तूही म्हणायचास. मान खाली घालू नकोस, लहान होतास.

तिला एकच मुलगा, व्हर्नल. लिमोन बंदराहून होडीनं गावात सामान आणायचा, पीठ, तेल, सिलिंडर, सगळं. खाडीच्या तोंडाशी तेव्हा मोबाइल लागत नव्हता. तिथला पाण्याखालचा वाळूचा दांडा आज इथे तर उद्या तिथे. म्हणून आमची जुनी रीत होती. रात्री होडी आली की बाहेरून दोनदा शंख फुंकायचा. किनाऱ्यावरून कुणीतरी उजेड दाखवायचा. पांढरा दाखवला की ये, वाट मोकळी आहे. लाल दाखवला की येऊ नको, बाहेर थांब, उजाडल्यावर बघू. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्याच्याही नऊ वर्षं आधीची गोष्ट. चौदा सप्टेंबर. व्हर्नल सकाळी आईला सांगून गेला होता, मला उशीर होईल, कंदील ठेव. क्लॅरिबेलनं त्या दिवशी शाळेसाठी दोनशे पाती, त्या तिखट सारणाच्या करंज्या, तळल्या. संध्याकाळी घरी आली, जेवण झाकून ठेवलं, खुर्चीत टेकली. म्हणाली, पाच मिनिटं पाठ टेकते, मग लावते कंदील. जाग आली तेव्हा कोंबडे आरवत होते. होडी नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याचा पेट्रोलचा डबा वाळूवर लागला. रिकामा. बाकी काही नाही.

रविवारी चर्चच्या दारात उभी राहून तिनं सगळ्या गावाला सांगितलं, "मी झोपले. माझं पोरगं बाहेर उजेड मागत होतं आणि मी झोपले." कुणी तिच्यापाशी गेलं नाही. मीसुद्धा नाही. आम्ही सगळे त्या रात्री ढोल बडवत होतो, आम्हाला कुठला शंख ऐकू यायला?

तेव्हापासून रोज कंदील. आणि कासवांच्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, पार्कच्या हुकमानं खिडकीवर लाल कागद.

तर एलादियो साडेपाचला पोचला. ती पायरीवर बसून नारळ खवत होती.

"कोण? एलादियो? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा! नऊ वर्षांत माझी पायरी चढला नाहीस. चौकीतून इथवर यायला रस्ता सापडत नव्हता का रे?"

"काम असतं, मिस क्लॅरिबेल."

"हो तर! कासवं मोजून मोजून बोटं झिजली असतील. आण तो कागद. दरवर्षी तुमचा पार्क मला 'येऊ नको' पाठवतो, आणि मी मुकाट्यानं खिडकीला चिकटवते."

"कासवांसाठी आहे ते..."

"माहीत आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. अंगणात शिरलेली पिल्लं रोज पहाटे मीच बादलीत भरते आणि पाण्यात सोडून येते. मोठी होऊन याच वाळूवर परत येतात म्हणे. त्यांचं बरं आहे."

त्यानं कागद लावला. तिनं आल्या-गुळाचं पाणी दिलं. टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं, नारळाच्या दुधातला राजमा-भात आणि तळलेला मासा. त्यानं तिकडे बघितलेलं तिनं बघितलं.

"आजच्या तारखेला ठेवते. सकाळी कोंबड्यांना घालते. त्या मेल्या वर्षभर या दिवसाची वाट बघतात." आणि हसली. मग म्हणाली, "नऊ वर्षं झाली, या रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पण या वर्षी अंगात त्राण नाही रे. भीती वाटते, पुन्हा झोपेन."

एलादियो म्हणाला, "झोपा तुम्ही. मी बसतो पायरीवर. जागतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तू? कशासाठी?"

त्यानं रिकामा पेला तिच्यापुढे ठेवला.

कशासाठी, ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. व्हर्नल गेला त्या रात्री एलादियो गार्ड नव्हता, आपल्यासारखाच वाटाड्या होता. दहा पाहुणे घेऊन तो खाडीच्या तोंडाजवळ उभा होता, पुढ्यात कासवी खड्डा खणत होती. साडेअकराला त्याला शंख ऐकू आला, दोनदा. व्हर्नलच्या होडीचं मशीन त्यानं आवाजावरून ओळखलं. चार ठोके पडले की ते एकदा खोकायचं, आख्ख्या किनाऱ्यावर तसं दुसरं नव्हतं. एलादियोनं क्लॅरिबेलच्या घराकडे बघितलं. खिडकीत अंधार. मग यानंच हात वर केला आणि बॅटरी दाखवली.

कुठली बॅटरी? हीच. गळ्यातली. लाल कागद लावलेली.

अरे, मुद्दाम कोण करेल? अडीच महिने रोज रात्री त्याच उजेडात वावरलेला माणूस. तो लाल आहे हेच डोळे विसरतात. तुमचेही विसरतील, बघा. त्याला वाटलं, चला, व्हर्नलला वाट दाखवली. मशीन वळल्याचा आवाज आला, लांब गेला, त्याला वाटलं आत शिरली होडी. तो पुन्हा पाहुण्यांना कासवीची अंडी दाखवायला लागला.

आणि व्हर्नल बाहेर थांबला. थांब म्हटलं म्हणून थांबला. गोल गोल फिरत राहिला पांढऱ्या उजेडाची वाट बघत, पेट्रोल संपेपर्यंत. मग समुद्राच्या ओढीनं नेलं.

एलादियोला हे सकाळी उमगलं. सांगायला निघालाही होता. पण रविवारी ती चर्चच्या दारात उभी राहून 'मी झोपले' म्हणाली, आणि याची जीभ जी टाळ्याला चिकटली ती चिकटली. दोष लागायचा तो कुणाला तरी लागला होता. वाटाड्याचं काम सोडलं, गार्ड झाला, सगळ्यांत लांबची चौकी मागून घेतली. आम्ही म्हणायचो, हा असा माणूसघाणा कसा झाला. मला फार राग आला होता त्याचा हे ऐकून, अजूनही येतो. आणि कीवही येते. नऊ वर्षं एका चौकीत, रोज रात्री समोर तीच खिडकी.

हां, तर ती रात्र.

क्लॅरिबेल आठ वाजता आत जाऊन आडवी झाली. हा पायरीवर बसला. मागे खिडकीत कंदील, खिडकीवर नवाकोरा लाल कागद, अंगणातली वाळू लाल. चंद्र नव्हता. गावातले ढोल दहाला थांबले. जंगलात माकडं एकदा ओरडली आणि गप्प झाली. साडेदहाला वाळूच्या कडेनं जग्वार गेला. एलादियोनं लाल बॅटरी मारून ताजे माग पाहिले. त्याची याला भीती नव्हती, जग्वार कासवं खातो, माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. सव्वाअकराला बरोबर घरासमोर एक कासवी पाण्यातून वर आली. मोठी. सरकत सरकत अंगणाच्या तोंडाशी आली आणि खणायला लागली. एलादियोला बरं वाटलं. म्हणाला, निदान कुणीतरी सोबतीला आलं.

मग समुद्र थांबला.

थांबला म्हणजे... लाट फुटल्याचा आवाज येईना. तो मला म्हणाला, नोएल, मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्यानं घड्याळ बघितलं. साडेअकरा.

शंख वाजला.

लांबून. दांड्याच्या बाहेरून. थोडं थांबून पुन्हा एकदा.

त्याला वाटलं भास झाला. वाटणारच. तो हलला नाही. कासवीनं खणणं थांबवलं होतं.

मग मशीन. चार ठोके... खोकला. चार ठोके... खोकला.

डावीकडून उजवीकडे गेलं. वळलं. उजवीकडून डावीकडे. दिवा नाही, होडी नाही. नुसता आवाज, काळ्या पाण्यावर गोल गोल फिरणारा. जवळ येत नव्हता. लांबही जात नव्हता.

एलादियोला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं.  मला म्हणाला, "अरे, तो अजून थांबलाय. मी थांब म्हटलं होतं. मग कुणी ये म्हटलंच नाही त्याला. आणि मी... मी आज पुन्हा लाल कागद लावला. माझ्या हातानं."

पुन्हा शंख. या वेळी लांबलचक. फुंकणाऱ्याचा दम संपत आल्यासारखा.

उठायचं होतं त्याला. पण उठला नाही. पांढरा उजेड केला तर पुढ्यातली कासवी जाईल, असा विचार आला म्हणे. बघा! अशा वेळी माणसाच्या डोक्यात नियम येतो. आणि दुसरा विचार, खरा विचार... बोलावलं, आणि तो आला, तर? समोर उभा राहिला, तर?

मशीन खोकलं. दोन ठोके. खोकलं. एक ठोका...

पेट्रोल संपत होतं.

एलादियो ओरडला. आयुष्यात कधी ओरडला नसेल असा. "व्हर्नल! लाल माझा होता! चुकून होता रे! ये! आत ये!"

आणि खिडकीवर झेप घेतली. कागद टराटरा फाडला.

पांढरा उजेड अंगणात पडला. वाळूवर. कासवीच्या पाठीवर. पार पाण्यापर्यंत.

ती गेली नाही. तिथेच राहिली.

मशीन बंद.

काही नाही.

काहीच नाही...

मग वाळूवर आवाज. होडी ओढतात ना वर, तसा. सरर्र... थांबला. सरर्र... थांबला. जवळ.

एलादियोनं डोळे मिटले. कपाळ खांबाला टेकवलं. पेट्रोलचा वास आला. ओल्या दोराचा वास आला. त्याच्या खांद्याला गार लागलं. पायरी वाजली. एक. दोन. तिसरी पायरी सैल होती, ती करकरली.

आतून म्हातारीचा आवाज आला. झोपेतला.

"आलास?"

...

"जेवण झाकलंय. हात धुऊन घे."

आणि समुद्राचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नाही केनिल, आत बघितलं नाही त्यानं. तू बघितलं असतंस? गप्प बस मग.

उजाडलं तेव्हा तो तिथेच होता, खांबाला धरून. क्लॅरिबेल दारात आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. म्हणाली, "बाई गं, किती झोपले मी! एवढी शांत झोप कधी लागली नव्हती." तिला काही आठवत नव्हतं. ताट? मीही हेच विचारलं त्याला. ताट होतं तसंच होतं, झाकलेलं. कोंबड्यांना घातलं तिनं.

मग एलादियोनं सांगितलं. पायरीवर बसून, तिच्याकडे न बघता, सगळं. शंख ऐकला ते. खिडकी अंधारी होती ते. बॅटरी दाखवली ते.

"लाल?" तिनं विचारलं.

"लाल."

ती एक पायरी उतरून जवळ आली. त्याला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं म्हणाला. ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे उजेड दिसला त्याला. नऊ वर्षं मी समजत होते की पोराला काळोखाशिवाय काही दिसलं नाही." मग तोंडावर कमरेचं फडकं दाबलं तिनं. "थांब म्हटलं की थांबायचा तो. लहानपणापासून. मी सांगितल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही." आणि रडली. चर्चच्या दारात सुद्धा जी रडली नव्हती, ती त्या सकाळी घळाघळा रडली. डोळे पुसून म्हणाली, "एलादियो, तू आता जा. तुझं वाईट व्हावं असं नाही मला वाटत. पण पुन्हा येऊ नकोस."

तो तसाच माझ्या घरी आला. हे सगळं माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. त्याच आठवड्यात डोंगराकडे निघून गेला, कार्तागोला. तिथे समुद्र दिसत नाही. एकदा पत्र आलं, चार ओळींचं. डोमिनोला जोडीदार मिळत नाही म्हणाला. मलाही मिळालेला नाही.

क्लॅरिबेल आहे, हो. खडखडीत आहे. कंदील लावत नाही. संध्याकाळी सातलाच झोपते, खिडकीत अंधार असतो. पार्कवाले खूश आहेत, पिल्लं सरळ पाण्यात जातात. त्यांना वाटतं, म्हातारीला अखेर नियम कळला.

म्हणून ही पांढरी बॅटरी खिशात. तुम्हीही ठेवा. कुणी शंख फुंकला तर आधी हातातला कागद बघायचा, मग हात वर करायचा. एवढंच शिकवायचं होतं.

काय दायाना? खरं कशावरून?

अगं, मी सांगेन त्यावर विश्वास ठेवूच नकोस. त्या सकाळी मी एलादियोबरोबर तिथे परत गेलो होतो. ती येऊ नकोस म्हणाली होती, तरी त्याला वाळूवरचा माग बघायचा होता, पण एकट्याला जायचं नव्हतं, आणि मलाही बघायचं होतं. अंगणात कासवीचा माग होता, रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पायांचे ठसे, येतानाचा आणि जातानाचा. त्याच्या शेजारी दुसरा होता. अरुंद चर, वीतभर रुंद, सरळ. होडीच्या बुडाचा. पाण्यापासून निघालेला आणि थेट पायरीपर्यंत आलेला. बाजूला ओढणाऱ्याची पावलं नाहीत. होडी नाही. माग मोजायची टेप एलादियोच्या खिशात होती, पण ती त्यानं काढली नाही.

अंडीचोरांना कळू नये म्हणून आपण माग पायानं पुसतो ना, तसा आम्ही दोघांनी तो पुसला. नीट, वरून झावळी फिरवून. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. चर होता. पुन्हा पुसला. पावसात वाळू वाहून गेली, भरती पायरीपर्यंत आली, क्लॅरिबेल रोज सकाळी अंगण झाडते. चार वर्षं झाली. काल दुपारी तिला नारळ द्यायला गेलो होतो, तेव्हाही होता. ती त्यावर पाय देत नाही, वळसा घालून जाते. आणि मी चारही वर्षं शोधतोय, वाकून वाकून शोधतोय... पाण्याकडे परत जाणारा चर नाही.